बोट मुडपून

दुधी हवाय ना, मग न्या की. एक कशाला, दोन न्या. फक्त कुठला हवा ते सांगताना बोट तेवढं मुडपा. हां, असं. आमच्या बागेत आता हा नियम आहे आणि तो मीच केलाय. मागच्या साली कुणी मला असलं काही सांगितलं असतं तर मी त्याची गावभर टर उडवली असती. सारी उमर फौजेत गेली माझी, असल्या गोष्टींना भीक घालणारा माणूस मी नव्हे. बसा, चहा होईपर्यंत सांगतो. उजव्या हाताला ही पट्टी कशाची म्हणून तुम्ही मघाशी विचारलंत, त्याचंही उत्तर त्यातच आहे.

पेन्शनीत आल्यावर मी इथं मलकापुरात घर बांधलं आणि मागची मोकळी जागा भाजीपाल्याला ठेवली. वांगी, मिरच्या, घेवडा, कडेला आळू, पाण्याच्या टाकीपाशी पपई, आणि मधोमध दुधी-काकडीसाठी हा तारेचा मांडव. वांग्याची रोपं मी दोरी धरून ओळीत लावली होती. आमची मंडळी, शालन, म्हणायची की आता त्यांना सावधान-विश्राम तेवढं शिकवायचं राहिलंय. बाजारची भाजी आमच्या घरात क्वचितच यायची आणि त्याचा मला फार तोरा होता. आल्यागेल्याला बाग दाखवल्याशिवाय मी सोडत नसे.

आता दाखवायचं म्हणजे हात करून. माझ्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही. बर्फातल्या एका पोस्टवर ते गारठून काळं पडलं आणि फौजी दवाखान्यात मुळापासून काढावं लागलं. काढलं, पण गेलं नाही. मला ते अजून जाणवतं. थंडीत ठणकतं, कधी खाजतं. डॉक्टर म्हणाले होते की असं पुष्कळांना होतं, हळूहळू जाईल. माझं गेलं नाही, आणि ते वाकतही नाही. गोठलं तेव्हा ताठ होतं, तसंच ताठ राहिलं. मूठ आवळली की बाकीची बोटं मिटतात आणि ते एकटं पुढं रोखलेलं राहतं. दिसत कुणालाच नाही, म्हणून मीही कुणाला सांगत बसलो नाही.

कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, हे तुम्ही लहानपणी ऐकलं असेलच. दाखवलं की फळ कुजतं, गळून पडतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. शालन या बाबतीत फार कडक. पाहुण्यांची पोरं मांडवाखाली शिरली की आधी त्यांना बोटं मुडपायला लावायची. मला मात्र मोकळीक होती. "तुमास्नी काय, बोटच न्हाई. साऱ्या मलकापूरला दावा," असं ती हसून म्हणायची, आणि मी खरंच दाखवत सुटायचो.

आमची एकुलती एक लेक, प्रियदर्शनी, सांगलीला विश्रामबागेत दिलीय. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर पोरगी हसायचीच विसरली. यंदा तिला सातवा लागला तेव्हा कुठं आम्हाला जरा धीर आला. डोहाळजेवण उरकून ती बाळंतपणाला आमच्याकडे यायची होती, आणि फोनवर तिनं एकच मागितलं, पप्पांच्या बागेतल्या कोवळ्या काकड्या आणि दुधी. मग काय, मी बागेत मुक्कामच ठोकला. लेकीनं तोंड उघडून काही मागितलं होतं, ते मला तिच्या ताटात घालायचं होतं.

वेलाला पहिला दुधी धरला तेव्हा शेजारचे नानासो कुंपणापाशी उभे होते. त्यांना मी तो हात करून कौतुकानं दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दुधी पिवळा पडून खाली आलेला. त्याच्या टोकाला एक खळगा होता, मळलेल्या कणकेत बोट दाबल्यावर पडतो तसा. फोडला तर आतून गोडूस, कुजका वास आला आणि तो दिवसभर माझ्या हाताला राहिला. दरसाल अशी थोडी फळं जायचीच, फळमाशी असणार, असं म्हणून मी सापळे टांगले. पण काकड्यांचंही तेच होऊ लागलं. मग एकेका फळाला कागदी पिशवी बांधली. पिशवी वरून शाबूत असायची, सोडून बघावं तर आत फळाला खळगा. औषधाच्या दुकानातल्या माणसानं वेगवेगळ्या पुड्या दिल्या, त्याही टाकून झाल्या. शालन मात्र पानांआड हात घालून चांगला, धडधाकट दुधी काढून आणायची, जो माझ्या नजरेलाच पडलेला नसायचा.

प्रियू आली ती दुपारची. गाडी फाटकाशी थांबली, ती कमरेवर हात ठेवून सावकाश उतरली, आणि इतक्या महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. अंग भरलं होतं, तोंडावर ऊन होतं. मला एवढा आनंद झाला की मी तिच्याकडे हात करून नानासोंना मोठ्यानं म्हणालो, "आली बघा आमची लेक." नानासोही हसले. त्या दिवशी आमच्या घरात सणच होता.

पुढं आठवड्याभरातली गोष्ट असेल. मी पुन्हा एक कुजकी काकडी उकिरड्यावर टाकून आलो. शालन भाजी निवडत होती, ती सहज बोलून गेली. "तुमी दावलेलं एक बी फळ कसं ऱ्हाईना वो?"

मी हसलो, पण ते डोक्यातून जाईना. दुपारी दोघी मायलेकी आडवारल्यावर मी मांडवाखाली गेलो. एकाच वेलावर दोन काकड्या शेजारी शेजारी होत्या, सारख्या वयाच्या. वारा पडलेला होता आणि फुलांवर मधमाश्या घोंघावत होत्या. मी उजवा हात उचलून डावीकडच्या काकडीवर धरला. मधमाश्या गप्प झाल्या. म्हणजे मला तसं वाटलं असेल. पण त्या नसलेल्या बोटाचं टोक गार पडलं, पोस्टवर पडायचं तसं, आणि क्षणभर समोर काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं. मी हात झटकून घरात आलो. चहा पिऊन परत गेलो तेव्हा डावीकडची काकडी लिबलिबीत झाली होती आणि टोकाला तो खळगा होता. उजवीकडची कडक, हिरवीगार, जशीच्या तशी.

मी तिथंच मातीत बसलो. डोळ्यांपुढं फाटक आलं, गाडीतून उतरणारी प्रियू आली, आणि तिच्याकडे केलेला माझा हात आला. मग आधीच्या दोन वेळा आठवल्या. दोन्ही वेळा ती गोड बातमी घेऊन इथंच आली होती आणि मी तिला मिरवत कुंपणापाशी नेली होती. त्यापुढं मी विचार केला नाही. करवलाच नाही.

त्या दिवसापासून मी उजवा हात खिशातून काढेना. ती पुढच्या दाराला असली की मी मागच्या दाराला. जेवायला बसायचो तेही तिच्याकडे अंग फिरवून, डाव्या हातानं. पोरीच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी मी पाइप धरून पाणी देत होतो, तर ती मांडवाखाली खुर्ची टाकून येऊन बसली.

"पप्पा, तुम्ही माझ्यावर नाराज आहात?"

"न्हाई गं."

"मग जवळ का येत नाही?" तिचा आवाज बारीक झाला. "दोनदा तसं झालं म्हणून... याही वेळी होईल असं वाटतंय का तुम्हाला?"

मी तिच्याकडे पाठ करून त्याच वाफ्याला पाणी देत राहिलो, वाफा भरून वाहायला लागला तरी. थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती आत गेली. असं वाईट मला बोट कापलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

तेव्हा मात्र मी शालनला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकाला लागली होती. मला वाटलं हसेल, पण तिनं गॅस बारीक केला, हात पुसले, शेजारी बसली आणि माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"हितं हाय?" बोट नव्हतं त्या जागेवर हात नेत ती म्हणाली.

"व्हय. तितंच."

"मुडपून बघा की."

"वाकंना गं... लय वर्सं झाली, वाकतच न्हाई."

तिनं तिथली हवा मुठीत धरून बघितली, वाकवून बघितली. तिची बोटं त्यातून आरपार गेली आणि मला काहीच लागलं नाही. त्या बोटाला आजवर कुणाचाच हात लागला नव्हता. मग उठून जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि माझा पंजा घट्ट गुंडाळून छातीशी बांधला. "लेकरू हुईस्तवर सोडायची न्हाई," एवढंच म्हणाली. प्रियूला सांगितलं की पप्पांचा हात मुरगळलाय. मीही तिच्याजवळ जाऊन बसू लागलो, पण तोंड सदा बागेकडं.

पट्टी बांधली तसं बागेतलं कुजणं थांबलं. दुधी असे लागले की वाटता वाटता पुरेवाट झाली. प्रियूनं पोटभर खाल्ले. नऊ महिने नऊ दिवस भरून कराडच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप. आतून रडण्याचा आवाज आला आणि मी जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो. वाटलं, सुटलो. शालननं स्वतःच्या हातानं माझी पट्टी सोडली. "झालं आता," ती म्हणाली, "घ्या नातीला."

मी घेतलं. एवढीशी, लाल, डोळे मिटलेले. माझा उजवा हात तिच्या दुपट्यापाशी होता. तिनं चिमुकला हात बाहेर काढला, हवेत चाचपला आणि मूठ मिटली. माझ्या मधल्या बोटाच्या अलीकडं, जिथं काहीच नाही तिथं. आणि मला ते लागलं, हो. ऊबदार, ओलसर, घट्ट. बर्फातून उतरल्यापासून पहिल्यांदा त्या बोटाला कुणी धरलं होतं. मला आधी गहिवरूनच आलं.

"आवं, मूठ बघा कशी पोकळ धरलीया," शालन कौतुकानं म्हणाली आणि नीट बघायला वाकली. मिटलेल्या मुठीत मधोमध भोक होतं, बोटाएवढं गोल. मी हात हळूच मागं घेतला. मूठ हवेत तशीच राहिली आणि बोटावरची पकडही.

तेव्हापासून ही पट्टी पुन्हा बांधलीय, पण तिचा आता उपयोग नाही. बाळ दूध पिताना, झोपेत, कधीही बघा, उजवी मूठ पोकळच असते. उघडून बघितली की उघडते आणि सोडली की पुन्हा तशीच मिटते. डॉक्टर म्हणतात, तान्ह्या बाळांच्या मुठी मिटलेल्याच असतात. टाळूही तान्हेपणी मऊच असते म्हणाले. शालन रोज सकाळी टाळू भरते. परवा तेल घालताना तिचा हात थांबला. टाळू जरा खोल वाटते म्हणाली. आणि तेलाचं बोट टेकवायच्या आधीच तिथं गार लागतं म्हणाली. प्रियूला यातलं काही माहीत नाही. आत ती पाळणा हलवतेय, ऐकू येतोय ना? किती दिवसांनी गुणगुणतेय पोरगी.

आपण इथं बसलोय, नात आत आहे, मध्ये दोन भिंती आहेत. तरी मूठ सुटलेली नाही, मला कळतंय. थांबा जरा... जागी झाली वाटतं. या वेळेला रोज जागी होते. आता ती ते बोट ओढायला लागेल, थोडं थोडं, आपल्या डोक्याकडं... मी वाकवतोय हो. रोज वाकवतो, सगळा जोर लावून वाकवतो...

ते सरळच आहे.