माळावरची खोटी हाक

आवाज अगदी खरा होता. मग तो ऐकून बाईसाहेब अर्ध्या वाटेवरून परत का फिरत होत्या, हे कुणालाच कळत नव्हतं.

बाईसाहेब म्हणजे एक माळढोक पक्षीण. लांब राखाडी मान, डोक्यावर काळसर टोपी आणि चालण्यात असा रुबाब, की कावेरीच्या अज्जांनी तिला हे नाव देऊन टाकलं होतं. अज्जा म्हणजे कावेरीचे आजोबा, डॉ. मल्लिनाथ बिराजदार, पक्षिशास्त्रज्ञ. सोलापूरच्या पलीकडे कुसळ्या माळ नावाचं मोठं गवताळ रान होतं, तिथे त्यांनी सारा जन्म घालवला होता. ते तरुण होते तेव्हा त्या माळावर माळढोकांचे थवे नसले, तरी सकाळी निघालं की चार-दोन तरी दिसायचे. पुढे विजेच्या तारा आल्या. उडताना समोरची तार या जड पक्ष्यांना वेळेवर दिसत नाही. मग शेतं वाढली, कुत्री वाढली. आता घरोघरी यंत्रमानव आले होते, ड्रोन औषधं पोचवत होते, आणि माळावर एकट्या बाईसाहेब उरल्या होत्या.

दूर वाळवंटाच्या कडेला एक पैदास-केंद्र होतं (जिथे दुर्मीळ पक्ष्यांची जपून वाढ करतात अशी जागा). तिथे नर होते, पण अंडी घालू शकेल अशी मादी राहिली नव्हती. बाईसाहेबांना तिथे न्यायचं ठरलं. पण न्यायचं कसं? इतक्या मोठ्या पक्ष्याचा पाठलाग केला, तर तो घाबरून पाय मोडून घेतो. ती आपल्या पायांनी जाळ्याजवळ आली, तरच काम होणार होतं.

त्यासाठी अज्जांनी जपून ठेवलेला एक आवाज बाहेर काढला. माळावरच्या शेवटच्या नराची हाक. विणीच्या हंगामात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो आणि खोल, घुमणारा हुंकार देतो. तो लांबवर जातो आणि मादी त्या दिशेने चालू लागते. अज्जांनी ती हाक पूर्वी आपल्या जुन्या फोनवर टिपली होती.

माळावर फिरणारा एक छोटा, सौरऊर्जेवर चालणारा यंत्रमानव होता. हळू चालायचा म्हणून त्याचं नाव कासव. बाईसाहेबांना त्याची सवय झाली होती. त्याच्या पाठीवर स्पीकर ठेवून अज्जांनी पहाटे ती हाक वाजवली. बाईसाहेबांनी मान वर केली. काही पावलं चालून आल्या, थांबल्या, ऐकत राहिल्या. मग वळून गवतात निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी मानही पुरती वर केली नाही.

"तोच आवाज आहे," अज्जा घरी आल्यावर म्हणाले. त्यांनी चहाला हातही लावला नव्हता. "मी या कानांनी ऐकलाय तो. मग तिला का पटत नाही?"

कावेरी बारा वर्षांची होती आणि सुट्टीला अज्जांकडे आली होती. येताना तिने आपला कीबोर्ड पाठीवर टाकून आणला होता. शाळेच्या वाद्यवृंदात ती वाजवायची. गाण्यागणिक आवाज निवडणं आणि खुंट्या फिरवून तो हवा तसा करणं, हे तिचं सगळ्यात आवडतं काम होतं.

"अज्जा, पुन्हा एकदा लावा ना."

तिने डोळे मिटून ऐकलं. मग कीबोर्ड काढला आणि अगदी डावीकडची एक पट्टी दाबली. आधी त्याच्या अंगच्या छोट्या स्पीकरवर, मग हेडफोन अज्जांच्या कानांवर चढवून.

"काही फरक वाटला?"

"स्वर तोच आहे," अज्जा म्हणाले. "पण दुसऱ्यांदा भरीव वाटला. जणू त्याला पोट आलं."

"कार्यक्रमात असंच होतं. मोठा बेस स्पीकर विसरला, की माझे खालचे स्वर नुसते कण्हतात. छोट्या स्पीकरला ते जमतच नाहीत. खालच्या स्वराला पुष्कळ हवा ढकलावी लागते."

अज्जा एकदम उठले. त्यांनी ती हाक संगणकावर घेतली आणि तिचं चित्र काढलं. पडद्यावर एकावर एक आडव्या रेघा उमटल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

"हे बघ," ते म्हणाले. "आवाज म्हणजे हवेची थरथर, हे तुला माहीत आहे. सेकंदाला किती वेळा थरथर होते, ती त्या आवाजाची कंप्रता. पण पेटीचा एक स्वर दाबलास, तरी एकच थरथर होत नाही. समजा, मुख्य थरथर शंभरची आहे. तिच्याबरोबर दोनशेची, तीनशेची, चारशेची अशा बारीक थरथरी निघतात. त्यांना आपण उपस्वर म्हणू (मुख्य स्वराच्या अंगावर चढलेले वरचे स्वर). कुठला उपस्वर किती जोरात, यावरून पेटी वेगळी आणि बासरी वेगळी ओळखू येते."

"मग यातली खालची पायरी कुठाय?"

अज्जांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसरी पायरी होती, तिसरी होती. सगळ्यात खाली जिथे मुख्य स्वर हवा, तिथे काळोख होता.

"त्या फोनला तो पकडताच आला नाही," ते हळूच म्हणाले.

"पण तुम्हाला तर ऐकू येतो!"

"मला वाटतं की येतो. दोनशे, तीनशे, चारशे ऐकलं की मेंदू हिशेब करतो, या सगळ्यांच्या बुडाशी शंभर असणार. आणि गाळलेली जागा तो स्वतःच भरून टाकतो. इतकी वर्षं मी जे ऐकत होतो, त्यातलं अर्धं माझ्याच डोक्यात होतं, पोरी."

"बाईसाहेबांचा मेंदू नाही भरत ती जागा?"

"ते आपल्याला माहीत नाही. पण एक नक्की. वरचे बारीक स्वर हवेत आणि गवतात लवकर मुरून जातात, खालचे लांब जातात. आपला स्पीकर लांब होता. तिच्यापर्यंत काय पोचलं असेल? कोरडी घोगरी खरखर. माणूस लांबून हाक मारतोय आणि आवाजात जीवच नाही, असं काहीतरी."

हरवलेला आवाज परत आणायचा, तर तो नव्याने बांधावा लागणार होता. अज्जांनी गावातल्या मंडपवाल्याकडून कपाटाएवढा बेस स्पीकर आणवला आणि कावेरी कीबोर्डपुढे बसली. आधी तिने तयार आवाज चाळले. शंख झाला, ऑर्गन झाला, पितळी भोंगा झाला. अज्जा मान हलवत होते. शंख फार उजळ, ऑर्गन देवळातला वाटतो, भोंगा तर मिरवणुकीतला.

"दुसऱ्याचं सोंग नको," कावेरी म्हणाली. "कोरा आवाज घेते."

तिने सगळ्यात साधा, गुळगुळीत आवाज निवडला. त्यात जवळपास नुसता मुख्य स्वर असतो. पट्टी दाबली तशी खिडकीची काच थरथरली. पण हा आवाज एखाद्या यंत्राच्या घरघरीसारखा होता. तिने त्यात वरचे उपस्वर थोडे थोडे मिसळले. जास्त झाले तेव्हा गाळणीची खुंटी मागे फिरवली (ही खुंटी ठरावीक उंचीच्या वरचे स्वर अडवते, खालचे जाऊ देते). आवाज मऊ झाला, गोणपाटाआडून आल्यासारखा.

"अजून सुरुवात चुकतेय," अज्जा म्हणाले. "हा एकदम येतो. तो तसा यायचा नाही. आधी पिशवी फुगायची."

"म्हणजे चढण वाढवायची." चढण म्हणजे आवाजाला शून्यापासून पूर्ण भरायला लागणारा वेळ. तबल्याच्या थापेची चढण निमिषभराची, सनईची त्याहून मोठी. कावेरीने ती लांबवली. मग उतारही लांबवला, म्हणजे पट्टी सोडल्यावर आवाज लगेच न तुटता विरत जाईल. शेवटी तिने डाव्या हाताने स्वर वाकवायचं चाक जरासं खाली ओढलं आणि हुंकार शेवटाकडे खचत गेला.

कावेरीने वळून पाहिलं, तर अज्जा भिंतीला टेकले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"चुकलं का, अज्जा?"

"नाही गं. हाच. तो शेवटचा दिसला, त्या सकाळी मी शेंगदाणे खात बसलो होतो. तो हाका मारत होता आणि मला वाटलं, उद्या नीट ऐकू. उद्या तो आलाच नाही."

त्या रात्री कावेरी जेवली नाही. सकाळी अंगणात अज्जांच्या शेजारी बसून तिने मनातलं विचारलं.

"ही हाक ऐकून तिला वाटेल, कुणीतरी आलंय."

"हो."

"आणि तिथे कुणीच नसेल. जाळं असेल."

"हो."

"मग हे खोटं बोलणं झालं, अज्जा."

"झालं," अज्जा म्हणाले. "ते खरं आहे असं मी तुला सांगणार नाही. ती इथे राहिली, तर एकटीच मरेल आणि तिच्यामागे कुणी उरणार नाही. म्हणून हे खोटं बोलायचं मी ठरवलंय. पण ते माझं ठरवणं आहे. तुझं मन होत नसेल, तर आवाज साठवून दे, पट्टी मी दाबीन."

कावेरी बराच वेळ पायाने माती उकरत राहिली. "तुम्हाला जमणार नाही," ती शेवटी म्हणाली. "ती थांबली की थांबावं लागेल. साठवलेला आवाज तिच्याकडे बघत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे कासवाने बेस स्पीकर चाकांच्या गाड्यावरून ओढत माळावर नेला. जमिनीवर गवतात जाळं पसरलं होतं. पशुवैद्य डॉ. नसीमा इनामदार त्याची दोरी धरून खळगीत आडव्या झाल्या होत्या. कावेरी आणि अज्जा गवताने शाकारलेल्या आडोशात होते. फटीतून माळ दिसत होता.

तिने पट्टी दाबली. आवाज हळूहळू भरला आणि जमिनीतून जावा तसा निघून गेला. तिला तो कानांपेक्षा गुडघ्यांना जास्त कळला.

दूर एक मान वर आली.

कावेरी थांबली. बाईसाहेब चालू लागल्या. पूर्वी जिथून त्या वळायच्या, तिथे थांबल्या. कावेरीने दुसरी हाक दिली, पहिलीपेक्षा हलकी. बाईसाहेबांनी पिसं झटकली. मग त्या धावल्या. इतक्या वर्षांत अज्जांनी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

त्या स्पीकरपाशी आल्या आणि त्याच्याभोवती फिरू लागल्या. आवाज होता, पक्षी नव्हता. त्या मान वाकडी करून स्पीकरच्या मागे डोकावल्या. जाळं स्पीकरच्या पुढच्या बाजूला होतं, अजून दोन हात लांब.

"आणखी एक," अज्जा कुजबुजले.

कावेरीला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिने डोळे बाहीला पुसले आणि पट्टी दाबली. बाईसाहेब पुढे आल्या, डॉ. नसीमांनी दोरी ओढली, आणि जाळं उलटून त्यांच्यावर पडलं.

तिने पट्टी सोडली होती. पण उतार तिनेच लांब ठेवला होता. जाळ्यात पंखांची फडफड चालू असताना ती हाक अजून विरत होती.

डॉ. नसीमांनी धावत जाऊन पक्षिणीच्या डोळ्यांवर कापडी टोपी चढवली. अंधार झाला की पक्षी शांत होतात. "पाय ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पंखही. छान झालं." कुणीच टाळी वाजवली नाही. कावेरी जवळ गेली. मऊ पट्ट्यांच्या पेटीत ठेवताना बाईसाहेबांची छाती भराभर वर-खाली होत होती. कावेरीला त्यांची माफी मागायची होती, पण ती कुठल्या आवाजात मागायची हे तिला सुचेना. गाडी निघून गेली. माळावर वारा होता, गवत होतं. त्या दिवसापासून तिथे एकही माळढोक नव्हता.

घरी आल्यावर कावेरी अज्जांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. अज्जांनी तिला गप्प केलं नाही. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

पहिल्या वर्षी बाईसाहेबांनी अंडं घातलं, ते उबलं नाही. डॉ. नसीमांनी फोनवर तसं सांगितलं, तेव्हा कावेरी "बरं" एवढंच म्हणाली. त्या वर्षी तिने वाद्यवृंदात नाव दिलं नाही. तिला वाटायचं, आपण तिला उगीच नेलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा एक अंडं आलं. हे पक्षी बहुधा एकच अंडं घालतात, म्हणून केंद्रातले सगळे त्याच्याभोवती चवड्यांवर चालत होते. ते उबलं. पिल्लू बाहेर आलं, ठिपक्याठिपक्यांचं, मातीच्या रंगाचं. त्यानंतर हिवाळ्यात बाईसाहेब गेल्या. वयच झालं होतं. त्यांनी आपला माळ पुन्हा पाहिला नाही.

ही बातमी आली त्या दिवशी अज्जा सुट्टीला आलेल्या कावेरीला घेऊन माळावर गेले. तिथे विजेच्या तारा जमिनीखाली घालायचं काम चालू होतं. यंत्रं चर खणत होती. एकेक खांब आडवा होत होता.

"पिल्लू मादी आहे," अज्जा म्हणाले. "तिची पिल्लं, मग त्यांची पिल्लं. पुरेशी झाली की काही इथे सोडतील. तोवर मी नसेन, कावेरी. तू असशील."

"तेव्हा मी काय करू?"

"लवकर उठून ये आणि एका जागी बस. शेंगदाणे नको आणू."

कावेरीला हसू आलं आणि रडूही. पलीकडे आणखी एक खांब खाली आला. तिने अज्जांची काठी आपल्या हातात घेतली, त्यांना आपल्या खांद्याचा आधार दिला, आणि उरलेल्या तारा कुठवर आहेत ते बघायला दोघं गवतातून पुढे निघाली.