अंगणातला लाल डाग

हे खरं घडलंय. पटत नसेल तर पुढे वाचू नका, मला तुमचं सर्टिफिकेट नकोय. भुतं रात्रीच दिसतात म्हणणाऱ्यांची तर मला कीव येते. मला दिसलं ते मंगळवारी, भर दुपारी सव्वादोनला, एसी ऑफिसात.

आमचं काम उपग्रहाचे फोटो स्पष्ट करायचं. एक फोटो काळा-पांढरा, पण रेखीव. दुसरा रंगीत, पण धूसर. दोन्ही एकावर एक बसवायचे. रेषा पहिल्याच्या, रंग दुसऱ्याचा.

त्या दिवशी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या वस्तीचा फोटो आला. मी ‘वस्ती रिकामी’ असा शेरा मारला की धरणाचे दरवाजे बंद होणार होते.

त्याच वस्तीत माझा मामा राहायचा. हट्टी म्हातारा! “शेवटच्या दिवशी निघेन,” म्हणत बसलेला. बारा महिने अंगात तोच लाल स्वेटर. आठवडाभर त्याचा फोन लागत नव्हता. आई रडकुंडीला आली होती.

“तुला वरून सगळं दिसतं ना रे? मामा निघाला का बघ की.”

मी फोटो जोडले. मामाच्या अंगणात...

लाल डाग.

काळा-पांढरा फोटो वेगळा उघडला. अंगण रिकामं. साधी सावलीसुद्धा नाही.

रंग होता. माणूस नव्हता.

साहेबांना दाखवलं. साहेब म्हणजे नुसती खुर्ची गरम करणारा प्राणी.

“अरे, हलणाऱ्या वस्तूचा रंग असा मागे राहतो. गाडीबिडी असेल. पुसून टाक नेहमीसारखं.”

हलणारी वस्तू दोन्ही फोटोंत येते, फक्त जरा सरकलेली. शेंबड्या पोरालाही कळेल. मलाही कळत होतं.

तरी पुसला. शेरा मारला. आईला म्हटलं, “निघाला असेल गं.”

मामा कुठेच पोचला नाही.

आता तिथे पाणीच पाणी आहे. दर महिन्याला त्या पाण्याचा फोटो माझ्याच टेबलावर येतो. काळ्या-पांढऱ्यात नुसतं पाणी. आणि रंगीत फोटोत...

लाल डाग. त्याच जागी.

मी पुसतो. साहेबांना नावं ठेवतो, पण पुसणारा हात माझाच आहे. थू त्याच्यावर.

या महिन्यात मात्र काळ्या-पांढऱ्या फोटोतही काहीतरी आलंय. पाण्यावर पडलेली...

माणसाची सावली. एक हात वर केलेली.

“सावलीपण पुस,” साहेब म्हणाले. मान वर न करता.

संध्याकाळी आईचा फोन आला. “मामा दिसला का रे?”

“नाही गं,” मी म्हटलं. “नुसतं पाणीच आहे.”