पाठमोरा शेवट

"शेवट चोरीला गेला," निर्मातीणबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पर्स टेबलावर आदळली.

"कशाचा?" ताईंनी विचारलं.

"आमच्या मालिकेचा! संध्याकाळी सगळे नट वाचनाला येतायत आणि शेवटचा प्रसंगच जागेवर नाही."

ताई खाजगी गुप्तहेर होत्या, पण तशा दिसत नसत. बोलणं इतकं हळू, की समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागे. पुढे वाकलेल्या माणसाला खोटं बोलणं जड जातं, असं त्यांचं मत होतं. शेजारी बसलेले डॉक्टर त्यांचे धाकटे भाऊ. जन्मभर लोकांचे दात काढले, हात थरथरू लागले तेव्हा दवाखाना बंद केला आणि बहिणीबरोबर हिंडू लागले. साठी ओलांडली तरी ताईंच्या लेखी ते 'बाळ'च.

"नीट पहिल्यापासून सांगा," ताई म्हणाल्या. "बाळला मालिका कळत नाहीत."

"कळतात की! फक्त कोण कोणाची सून ते लक्षात राहत नाही."

निर्मातीणबाईंनी सांगितलं ते असं. 'हळू बोला, शेजारी ऐकतील' ही त्यांची विनोदी मालिका. एक भांडकुदळ पण जीव लावणारं घर. बरीच वर्षं चालली, आता वाहिनी ती बंद करत होती. त्यांचीच दुसरी मालिका 'गगनवीर', उडणाऱ्या महावीराची, जोरात होती. म्हणून निरोपाचा भाग दोन्ही मालिका मिळून करायचा ठरला. गगनवीर त्या घरात भाडेकरू म्हणून येतो आणि आत्याबाई त्याला गच्चीवरचे कपडे उडत जाऊन काढून आणायला लावतात.

डॉक्टरांना हसू आलं.

"थांबा, खरी मेख पुढे आहे. त्याच्यासमोर कोणी हसलं की त्याची शक्ती जाते. शहरावर संकट आलंय, त्याला उडायचंय, आणि घर उठता-बसता हसणारं."

"मग शेवटी काय होतं?" डॉक्टर खुर्चीच्या काठावर आले.

"तेच तर कोणाला माहीत नाही! मास्तरांची रीतच तशी."

मास्तर म्हणजे विनोदी मालिकेचे मुख्य लेखक. ते शेवट सगळ्यात आधी लिहीत. एका पांढऱ्या कार्डावर लिहून भिंतीच्या टोकाला पाठमोरं टाचून ठेवत, अक्षरं भिंतीकडे, कोरी पाठ खोलीकडे. कोणी बघायचं नाही. बाकीच्यांनी त्या कार्डाच्या रोखाने लिहीत जायचं आणि वाचनाच्या दिवशी मास्तरांनी ते सर्वांसमोर उलटायचं. आजवर एकदाही फसलं नव्हतं.

"आज सकाळी कार्ड गायब. त्या वेळी खोलीत एकटी नवी होती. आमची तरुण लेखिका. दोन वर्षं झाली, तरी नाव नवीच. दुसऱ्या वाहिनीचं बोलावणं आलंय तिला. आणि कालच सगळ्यांसमोर म्हणाली, मास्तरांचा शेवट काय असेल ते मला माहीत नाही, पण मी असते तर वेगळा केला असता."

"तिचं म्हणणं काय?"

"मी नाही घेतलं, एवढंच. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर मी तिला काढणार. आणि चोरी करून निघालेल्या लेखकाला या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही."

ताई उठल्या. "चल बाळ. एका मुलीच्या नावाचा प्रश्न आहे."

*

लेखकांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. दाराच्या उजव्या हाताची अख्खी भिंत कार्डांनी भरलेली. पिवळी विनोदाची, निळी गगनवीराची. भिंत मात्र दवाखान्यासारखी पांढरीफटक. डॉक्टरांना क्षणभर उगाचच घरी आल्यासारखं वाटलं.

"शेवटचं कार्ड कुठे होतं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"तिकडे, खिडकीपाशी," निर्मातीणबाईंनी बोट दाखवलं. जवळ गेल्यावर भिंतीत एक बारीक टाचणी दिसली. सरळ, नीट टोचलेली.

डॉक्टरांनी सहज एक पिवळं कार्ड हातात घेतलं. 'आत्याबाई: उडता येतं म्हणून जिन्याचा दिवा बदलायला नको का?' ते खुदकन हसले. कार्ड उलटून पाहिलं, तर पाठीवर काळे ठिपकेच ठिपके.

"ताई, हे बघ. दाताला कीड लागल्यासारखं."

"मास्तरांचं जाड पेन," निर्मातीणबाई म्हणाल्या. "दाबून लिहितात. शाई पार पलीकडे उतरते. दुसऱ्या कोणी त्या पेनाला हात लावलेला त्यांना चालत नाही."

ताईंनी ते कार्ड घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत टाचलं.

*

मास्तर शेजारच्या खोलीत डोळे मिटून बसले होते. विनोदी लेखक इतका दमलेला असू शकतो हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

"सकाळी काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काय व्हायचं! दारात पाऊल टाकलं आणि काळजात धस्स झालं. तिथूनच ओरडलो, शेवट गेला!"

"नवी कुठे होती?"

"आतच. खिडकीपाशी."

"ती घेईल असं वाटतं तुम्हाला?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"कार्ड गेलं तर जाऊ द्या ना," डॉक्टर म्हणाले. "डोक्यात आहेच की. पुन्हा लिहा!"

"डॉक्टर, एकदा चोरीला गेलेला विनोद शिळा होतो. शिळं मी वाढत नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. कलावंत माणूस, त्याचा मान मोठा. ताईंनी मात्र मान डोलावली नाही.

'गगनवीर'चे लेखक जिन्यात भेटले. मारामाऱ्या लिहून लिहून त्यांना सेनापती हे नाव पडलं होतं.

"मी कशाला चोरू?" ते उसळले. "उलट महिनाभर त्याच्या पाया पडतोय, बाबा, शेवट सांग! माझ्या मालिकेत कोणीतरी किंमत मोजल्याशिवाय जग वाचत नाही. त्याच्या घरात कोणालाच कधी काही मोजावं लागत नाही. दर भागाच्या शेवटी सगळं होतं तसं. मी म्हटलं, या वेळी निरोप आहे, कोणाचं काहीतरी जाणारच. तर म्हणाला, 'कार्ड उलटेन तेव्हा बघ.' आणि गप्प."

"चिडून?"

"नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हल्ली चिडतच नाही."

नवी खाली प्रवेशदारापाशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. रडून झालेलं दिसत होतं.

"मी लवकर आले, निळी कार्डं वाचत बसले. खिडकीच्या उजेडात, भिंतीकडे पाठ करून. मास्तर ओरडले तेव्हा दचकून वळले. मग सगळे धावत आले आणि माझ्याकडे बघायला लागले."

"तू ते कार्ड कधी पाहिलं होतंस?" ताईंनी विचारलं.

"उलटून? कधीच नाही, देवाशपथ! पण खोटं का बोलू, पाठीमागून टक लावून बघायचे. वाटायचं, एखादं अक्षर तरी दिसेल. इतके दिवस बघितलं, एक ठिपका दिसला नाही."

"तू कसा शेवट केला असतास?"

मुलीने खाली पाहिलं. "आता काय सांगायचं. जे बोलले तेच नडलं."

जिना चढताना डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, मुलगी गोड आहे. पण टक लावून बघायचे म्हणाली. मोह वाईट गं. मला वाटतं..."

"बाळ, तुला काय वाटतं ते संध्याकाळपर्यंत पोटात ठेव."

*

चार वाजता सगळे त्या लांबट खोलीत जमले. ताईंनी खिडकीपाशी कोणाला उभं राहू दिलं नाही.

"बाई, तुम्ही दारात या," त्या निर्मातीणबाईंना म्हणाल्या. "बाळ, तू तिकडे जा. मनात आलं तर त्या टाचणीला कोरं पांढरं कार्ड लाव, नाहीतर नको लावूस. मग बाजूला हो."

डॉक्टर भिंतीशी काहीतरी खुडबुडले आणि बाजूला झाले.

"आहे की नाही?" ताईंनी विचारलं.

निर्मातीणबाईंनी डोळे बारीक केले. "नाही... नाही, आहे बहुतेक. इथून काय कळणार? पांढऱ्यावर पांढरं."

"आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमचे डोळे चांगले आहेत, तरी कळलं नाही. मास्तरांना मात्र सकाळी दारात पाऊल टाकताच कळलं. काय आहे ते डोळ्यांनी दिसतं मास्तर, पण काय नाही ते असं लांबून दिसायला आधी माहीत असावं लागतं."

सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"स्वतःचाच शेवट स्वतः चोरला?" सेनापती म्हणाले. "कशासाठी?"

"चोरायला शेवट होता कुठे?" ताईंचा आवाज आणखी खाली आला आणि सगळे पुढे वाकले. "बाळ, तू सकाळी कीड पाहिलीस ना? मास्तरांनी लिहिलेल्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर शाई उतरते. या मुलीने त्या पाठमोऱ्या कार्डाकडे इतके दिवस टक लावली, आणि एक ठिपका दिसला नाही. खोटं बोलायचं असतं तर मी पाहिलंच नाही म्हणाली असती. ती खरं बोलली, म्हणून मला कळलं. कार्ड दोन्ही बाजूंनी कोरं होतं."

सेनापतींनी एक पिवळं कार्ड काढून त्याची पाठ पाहिली.

"आणि बाळने भाबडेपणाने विचारलं तेच खरं कोडं होतं. कार्ड चोरीला जाईल, डोक्यातलं कसं जाईल? एका मुलीच्या पोटापाण्याचा प्रश्न, वर वाचन तोंडावर आलेलं. तरी ज्याने लिहिलं तो पुन्हा सांगायला तयार नाही. हा मान नव्हे. जवळ नसलेली वस्तू कोणाला देता येत नाही."

मास्तरांनी शर्टाच्या खिशात हात घातला. घडी घातलेलं पांढरं कार्ड टेबलावर ठेवलं. ते उलगडायची गरज कोणाला वाटली नाही.

"काल सगळे गेल्यावर काढलं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी कोरंच लावलं होतं. म्हटलं, सुचेल. नेहमी सुचतं. तुम्ही सगळे त्या कोऱ्या कागदाच्या रोखाने इतकं छान लिहीत होतात, की सांगायची लाज वाटायला लागली."

"अरे, मला सांगायचंस!" सेनापती म्हणाले.

"काय सांगू? शेवट दिसत नव्हता असं नाही. एकच दिसत होता. त्याला उडायचं तर घर गप्प बसायला हवं. आत्याबाई, दोन्ही सुना, सगळे. कोणी एक शब्द बोलत नाही, आणि तो उडून जातो. संपलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "इतकी वर्षं त्या घराला बोलतं ठेवलं. ते गप्प करायला माझा हात उठेना. वाटलं, कार्ड चोरीला गेलं म्हटलं की वाचन पुढे ढकलतील. चार दिवस आणखी बोलतील ती माणसं."

डॉक्टरांना स्वतःचा थरथरणारा हात आठवला. त्यांना त्या माणसाची दया आली. पण ताई अजून बसल्या नव्हत्या.

"त्याचं मला वाईट वाटतं, मास्तर. पण सकाळी सगळे या मुलीकडे बघायला लागले, तेव्हा?"

"मी तिचं नाव घेतलं नाही."

"तिने घेतलं नाही, असंही म्हणाला नाहीत."

मास्तर नवीकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटलं, दुपारपर्यंत निवळेल. पोरी, माझं चुकलं. फार चुकलं."

आणि मग एकदम सगळे बोलू लागले. निर्मातीणबाईंनी नवीचा खांदा धरला. "अगं, मी आपलं धंद्याचं म्हणून बोलले. मनातून मला कधीच तसं वाटलं नव्हतं." सेनापती म्हणाले, "मला तर आधीपासून खात्री होती, ही नाही म्हणून." कोपऱ्यातून आणखी कोणी म्हणालं, "आमच्या मनातसुद्धा आलं नाही गं."

नवी प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत होती.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी आपलं जाड काळं पेन तिच्यापुढे धरलं. "हा शेवट तू लिही. तुझा वेगळा होता ना? मला ऐकायचाय."

तिने पेन घेतलं नाही. "तुमच्याकडून शिकायचं म्हणून आले होते, मास्तर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "घाबरल्यावर माणूस किती गप्प बसू शकतो, तेवढं शिकले." तिने मास्तरांना वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि गेली.

सेनापतींनी थोड्या वेळाने खुर्ची मास्तरांच्या जवळ ओढली. वाचनाला अजून वेळ होता.

*

ताई वर निर्मातीणबाईंशी बोलत राहिल्या. डॉक्टर खाली आले, तर नवी फाटकापाशी उभी होती.

"त्या दुसऱ्या वाहिनीत जाणार?" त्यांनी उगाच विचारलं.

"बघू. तिथेही सकाळचं पोचलं असेल. दुपारचं पोचायला वेळ लागतो."

मुलीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"डॉक्टर, खरं सांगा. तुम्हालाही मीच वाटले होते ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. वर सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. दात काढताना ते हजारो लोकांना दुखणार नाही म्हणाले होते, आणि त्यात त्यांना कधी पाप वाटलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "वाटली होतीस. माफ कर मला."

तिचे डोळे भरून आले. सकाळपासून पहिल्यांदाच तिने कोणासमोर ते पुसायची घाई केली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, सगळ्यांच्या त्या नजरा म्हणजे माझ्याच मनाचे खेळ होते."

मग ती फाटक उघडून रस्त्याला लागली. डॉक्टर ती वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि पाहावं असं त्यांनी तरी कोणत्या तोंडाने म्हणावं!