शिडाचा नवा दोर

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण मामा थापा मारणाऱ्यातला नाही. हातभर मासा लागला तरी तो वीतभर सांगतो. त्यानं जसं सांगितलं तसं लिहितोय.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. आभाळ भरलेलं होतं, वारा सुटला होता. जागा म्हणजे धक्क्याच्या टोकाला बांधलेली मामाची शिडाची होडी.

मामा फाटकी शिडं शिवून देतो. जन्म त्यातच गेला. पण मामी गेल्यापासून तो पार थकला. वयानं नव्हे. चहा ठेवायचा आणि तो आटून काळा होईपर्यंत नुसता बघत राहायचा. मामी आजारपणात गेली, सगळे उशाशी होते. तिच्या जाण्यात वेडंवाकडं काही नव्हतं, हे आधीच सांगतो.

मागे राहिली एक मुलगी. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला लहानपणापासून सगळे भिंगरीच म्हणतात. तिला लांबच्या एका बंदरात होड्या चालवायला शिकवायची नोकरी लागली होती. अट एकच होती. स्वतःच्या होडीनं, एकटीनं यायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघणार होती.

मामा तिला "नको" म्हणाला नाही. "जा" असंही म्हणाला नाही.

एवढंच म्हणाला, "दोर कुजलेत. ते बदलतो, मग बघू."

निघायच्या आदल्या सकाळी तो दोरांच्या दुकानात गेला. भिंतीवर खुंट्यांना मोठमोठी रिळं. दोरवाल्यानं एक मऊ, जाड दोर पुढे केला.

"हा घ्या काका. लोण्यासारखा आहे."

"लोणी काय करायचंय? हा ताणतो. नांगराला ठीक आहे. वाऱ्यात शीड चढवलं की खाली लोंबेल. माझी पोरगी एकटी जाणारे."

"मग हा. कडक आहे, हाताला टोचेल. पण तसूभर ताणणार नाही."

मामानं तो बोटांत चोळून पाहिला. लाल ठिपक्यांचा, घट्ट विणीचा. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. त्यानं तोच घेतला.

दोरवाला दोर ओढून मोजायला लागला. हातभर ओढला, खाली सोडला, पुन्हा ओढायला वळला...

आणि रीळ उलटं फिरलं.

खाली पडलेला दोर सरसर वर गेला.

"हे काय नवीनच!" दोरवाला हसला. "स्प्रिंग बसवलीय जणू."

पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

आता तो हसला नाही. शेवटी दोर पायाखाली दाबून धरला आणि घाईघाईनं कापून दिला. मामाला वाटलं, खुंटी तिरकी असेल. थकलेल्या माणसाला कशाचंच फारसं नवल वाटत नाही.

आता काम कसं असतं ते सांगतो. डोलकाठी आतून पोकळ. शीड चढवायचा दोर मागून, सुकाणूपासून येऊन तिच्या पोटातून वर जातो, टोकाच्या कप्पीवरून वळतो आणि बाहेरून खाली येतो. जुना दोर आधी काढून टाकायचा नसतो. जुन्याच्या शेपटीला नव्याचं डोकं शिवायचं आणि जुना ओढत राहायचं. मागोमाग नवा आपोआप आत जातो.

याला माणसं दोन लागतात. एक डोलकाठीपाशी ओढायला. दुसरं मागे, सुकाणूपाशी बसून दोर सुटा करून सोडायला. नाहीतर दोर कोपऱ्यात अडकतो, शिवण उसवते आणि मग बसा बोंबलत.

मागची जागा कायम मामीची.

वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. दोराला दोन झटके म्हणजे ओढ. एक झटका म्हणजे थांब.

त्या दिवशी मागे कुणीच नव्हतं. भिंगरी वाटेतल्या खाण्यापिण्याचं सामान आणायला गेली होती. मागच्या भागावर ताडपत्री टाकलेली, कडेनं दोरीनं करकचून बांधलेली. मामानं शिवण घातली, नव्या दोराचं वेटोळं ताडपत्रीच्या पुढच्या फटीतून आत ढकललं आणि पुढे येऊन ओढायला लागला. मनात म्हणाला, अडकला की मागे जाऊन सोडवू. दहा खेपा होतील. होऊ देत.

पण दोर अडकलाच नाही.

लोण्यातून सुरी जावी तसा येत होता. कोपऱ्यावर आला की कुणीतरी उचलून द्यावा तसा...

मामा थबकला.

दोराला दोन झटके बसले.

ओढ.

"भिंगरे, आलीस होय? कळवायचं तरी!"

उत्तर नाही. वारा होता. मामाला बरंच वाटलं. पोरगी मागे बसलीय, तोंड दिसत नाहीये. जे तोंडावर बोलता येत नाही ते बोलून टाकावं. तो ओढता ओढता बोलत राहिला.

"तुला अडवणारा मी कोण? पण खरं सांगू? तू गेलीस की घर खायला उठेल मला. तुझी आई गेली, आता तूही. मी थकलोय गं. नको जाऊस... असं म्हणावंसं वाटतं बघ."

दोर यायचा थांबला.

मग एक झटका बसला.

एकच.

"काय झालं? अडकला का?"

मामानं हलकेच ओढून पाहिलं. पुन्हा एक झटका. या वेळी असा की त्याच्या तळव्याची साल निघाली.

"अगं ए! हात तोडशील माझा!"

"कुणाशी बोलतोयस बाबा?"

आवाज मागून आला नव्हता...

भिंगरी धक्क्यावरून येत होती. दोन्ही हातांत पिशव्या.

मामाच्या हातून दोर सुटला. तो धडपडत मागे गेला. ताडपत्रीच्या सगळ्या गाठी जशाच्या तशा होत्या. त्या सोडायला त्याला दात लावावे लागले.

आत कुणी नव्हतं.

त्यानं कसाबसा ढकललेला दोर बाकावर आठच्या आकड्यात मांडून ठेवला होता. वळावर वळ, एकही पीळ नाही. सबंध धक्क्यावर तसा दोर एकच बाई मांडायची.

"छान मांडलायस की," भिंगरी म्हणाली. तिनं पुढे जाऊन उरलेला दोर ओढला. मुकाट आला. झटका नाही, काही नाही.

मामानं तिच्या हातातून दोर काढून घेतला.

"तू उद्या जायचं नाहीस."

"काय?"

"नाही म्हणजे नाही. तुझी आई नको म्हणतेय."

"आईला मध्ये आणू नकोस, बाबा. तुला नकोय, तर तसं सांग."

खूप भांडली. रडली. मामानं काही ऐकलं नाही, होडीतच ठाण मांडून बसला. बापाला त्या अवस्थेत टाकून जायला तिचं काळीज धजेना. ती राहिली.

मी विचारलं, "मग? वादळ आलं?"

"कसलं वादळ? पुढचे सगळे दिवस आभाळ निरभ्र. वारा तिला हवा तसा. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली."

आता भिंगरी एका गोदामात कामाला जाते. संध्याकाळी येते, जेवलास का विचारते, दार लावून घेते. तिला आता कुणी भिंगरी म्हणत नाही. होडी तिथेच बांधलेली आहे.

"निदान पोरगी सुखरूप आहे," मी म्हणालो. "मामीला काहीतरी दिसलं असेल, म्हणून तिनं अडवलं."

मामा थकल्या आवाजात म्हणाला,

"आधी दोन झटके दिले होते रे तिनं. ओढ म्हणाली होती. पोरीला पाठवायला आली होती ती. थांब म्हणाली ती मी रडगाणं गायल्यावर."

त्यानं तळहाताकडे पाहिलं.

"हयातभर तिनं माझा शब्द खाली पडू दिला नाही."

पलीकडच्या खोलीत भिंगरी होती. तिच्या बंद दाराआडून आवाज असा काहीच येत नव्हता...