नऊ भिंतींचं रोपघर

"मी चुकलेलो नाही," मुकादम म्हणाला.

मुकादम म्हणजे मंगळावरच्या वसाहतीत जागेची आखणी करणारा यंत्रमानव. तांबड्या मातीवर त्याने फक्कीने (पांढऱ्या चुन्याच्या भुकटीने) नऊ रेघा ओढल्या होत्या. त्यांचा सुसम नवकोन (नऊही बाजू आणि नऊही कोन समान असलेली आकृती) व्हायला हवा होता. झाला होता मांज्याचा गुंता. शेवटची रेघ पहिल्या खुंटीला पोचलीच नव्हती.

रोपघराचा आराखडा बारा वर्षांच्या शर्वाणीचा होता. वसाहतीत मंजूर झालेला एका मुलीचा पहिला आराखडा, तोही समितीच्या अवघ्या अकरा बैठकांत. आता फक्की एकाच आखणीपुरती उरली होती. बांधकामप्रमुख सुर्वेकाका म्हणाले, उगाच प्रयोग नकोत, नेहमीचा चौकोन आखून टाकू.

शर्वाणीने आबांकडे पाहिलं. तिचे आजोबा डॉ. खांबेटे यंत्रशास्त्रज्ञ, मुकादमाला चालायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मुकादमाला कोन किती सांगितला होतास?

एकशे चाळीस, ती म्हणाली. नवकोनाच्या एका कोपऱ्यातून बाकीच्या कोपऱ्यांना रेघा जोडल्या, की आत सात त्रिकोण होतात. सात गुणिले १८० म्हणजे १२६० अंश. भागिले नऊ, १४०. हा आंतरकोन (दोन शेजारच्या भिंतींमधला आतला कोन).

"उत्तर बरोबर आहे," आबा म्हणाले. "आता मुकादमाच्या जागी तू चाल."

त्यांनी बुटाच्या टोकाने मातीत दोन भिंतींचा कोपरा काढून दिला. शर्वाणी पहिल्या भिंतीवरून चालत कोपऱ्याशी आली आणि थबकली. तशीच पुढे गेली असती, तर सरळ रेषा. दुसऱ्या भिंतीवर जायला तिला जेमतेम वळावं लागलं.

"आबा, सरळ रेषेचे एकशे ऐंशी. त्यातले आतले एकशे चाळीस गेले. मी वळले फक्त चाळीस. मुकादम मात्र सांगितल्याप्रमाणे दर कोपऱ्यावर एकशे चाळीस वळत गेला!"

"त्याला बाह्यकोन म्हणतात. नऊ वेळा वळलीस की?"

"तीनशे साठ. म्हणजे बरोबर एक पूर्ण गिरकी." तिने जागच्या जागी एक गिरकी घेतली. "मग किती का बाजू असेनात, सगळी वळणं मिळून तीनशे साठच होणार. नाहीतर निघालो तिथे परत कसे येऊ?"

पण सुर्वेकाकांच्या छापील सूचनांत तर 'मुकादमास आतील कोन सांगावा' असं ठळक अक्षरांत होतं. वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही, ते म्हणाले.

"काका, वीस वर्षं तुम्ही चौकोनच बांधलेत," शर्वाणी म्हणाली. "त्यात आतला कोनही नव्वद आणि वळणही नव्वद."

सुर्वेकाकांनी हेल्मेटवरची नसलेली धूळ पुसली. मग उरलेली फक्की स्वतः मुकादमाच्या टाकीत ओतली.

"मुकादम, प्रत्येक कोपऱ्यावर चाळीस अंश वळ," शर्वाणीने सांगितलं.

नऊ रेघा. नववी पहिल्या खुंटीला अलगद टेकली. मातीवर गुंता नव्हता, घर होतं. रोपघर उभं राहिल्यावर आबा रोपं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून आराखड्यावरचं नाव मोठ्याने वाचायला लावत राहिले.

सुर्वेकाकांनी सूचनांतली ती ठळक ओळ खोडली आणि पेन शर्वाणीपुढे धरलं. तिने लिहिलं: 'सुसम आकृतीत वळण = ३६० भागिले बाजूंची संख्या. आतला कोन = १८० वजा वळण.'

"पुढच्या वर्षी शाळा बांधायची आहे," काका म्हणाले. "किती भिंतींची करू या?"

"आधी मुलं किती येणार ते कळवा," शर्वाणी म्हणाली. "मग बघू."