गाळाखालचं लेकरू

मांजरा नदीवरचा जलाशय आटला होता. त्यात बुडालेलं पांढरीचं टेकाड उघडं पडलं होतं, आणि वरच्या धरणातून पाणी सुटायच्या आत आम्हाला तिथं पोचायचं होतं! त्या टेकाडावर हजारो वर्षांपूर्वी वस्ती होती, असं माझी जुनी विद्यार्थिनी अक्षरा हिचं म्हणणं. तिची संशोधनाची शिष्यवृत्ती संपत आली होती. ठोस पुरावा हाती आला तरच मुदत वाढणार होती. वाट दाखवायला तिचे निलंग्याचे मामा वीरण्णा, आणि ओझी वाहायला मी, पोट सुटलेला इतिहासाचा मास्तर.

गाळ वरून वाळून भाकरीसारखा कडक झाला होता. टेकाड दिसताच अक्षरा धावली. पापुद्रा फुटला. कमरेपर्यंत आत!

"हलू नको, माय! आडवी हो!" वीरण्णांनी डोक्याचा पटका सोडून फेकला. मी पालथा पडलो. ओढलं. पुन्हा ओढलं! निघाली एकदाची, एक बूट मात्र गाळानं ठेवून घेतला.

टेकाडाच्या खचलेल्या कडेत एका घराची चोपलेली जमीन दिसत होती. तिच्याखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. एक तडकलेलं. आत इवलीशी हाडं आणि ज्वारीच्या दाण्याएवढा दुधाचा दात.

"लेकरू गेलं की हे लोक घरातच पुरायचे," अक्षरा हळूच म्हणाली.

वीरण्णा खाली बसले. "आमच्यात बी पुरतेतच. माझी पोर गेली तवा लई वाटलं, हिला घरातच ठिवावं."

तेवढ्यात घोंघाट ऐकू आला. पाणी!

"दात घे आणि चल!" मी ओरडलो. त्या दातावरून काळ ठरला असता, मुदतही वाढली असती. अक्षरानं दात उचलला, तळहातावर धरून बघत राहिली.

"परवानगी नाही, नोंद नाही. असं उपटून नेलं तर चोरात आणि माझ्यात फरक काय, सर?"

तिनं दात जागच्या जागी ठेवला. भराभर फोटो काढले, मडक्यांवर माती ओढली. वीरण्णांनी खिशातली विभूती वर सोडली. मग पळालो! पाणी घोट्याला, गुडघ्याला, मांड्यांना... काठ गाठला तेव्हा कुठं जिवात जीव आला.

टेकाड दिसेनासं झालं. अक्षराला रडू आवरेना. हातातोंडाशी आलेला घास तिनं स्वतःच ठेवून दिला होता.

"मामा, पुढच्या उन्हाळ्यात दुसरं कुणी आलं तर जागा दाखवाल?"

"दाखवतो की." पटका पिळता पिळता वीरण्णांनी अक्षराकडं पाहिलं. "पर सांगीन, लेकराची माय अगुदर येऊन गेली म्हणून."