चार वाजताची नोंद

"मास्तर, तुमच्या पत्नीच्या फाइलमध्ये काहीतरी चुकलंय," डॉ. इंद्रायणी फोनवर म्हणाली. "आज येता का?"

वेणीमाधव मास्तर लगेच निघाले. लीला करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, इंद्रायणी काम करते त्याच, सोलापुरातल्या दवाखान्यात. "आणायला उशीर झाला, मास्तर," असं तेव्हा धोंडप्पा म्हणाला होता. धोंडप्पा मूळचा मैंदर्गीचा, जुना पैलवान, मास्तरांचा दोस्त आणि लीलाच्या वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. त्याचं ते वाक्य मास्तरांनी खरं मानलं आणि चार वर्षं स्वतःला दोष दिला.

इंद्रायणीनं फाइल उघडली.

"कोणता पेशंट गंभीर होणार, हे आम्ही आकड्यांवरून ठरवायचो. वय, श्वास, नाडी, ऑक्सिजन. जास्त गुण, जास्त धोका. हे अंदाज कुठं चुकले ते आता तपासतोय. लीलाताईंना दुपारी एकला नऊ गुण होते. चारला तीन."

"म्हणजे सुधारली?"

"कागदावर. म्हणून आयसीयूतली एकच रिकामी खाट दुसऱ्या बाईंना गेली. लीलाताई सकाळपर्यंत टिकल्या नाहीत."

"चारची नोंद केली कुणी?"

"सही नाही. संसर्गाच्या भीतीनं वॉर्डातला कागद बाहेर येत नसे. आतून बोटावरच्या मशीनचा फोटो यायचा, आम्ही बाहेर आकडे उतरवायचो."

तो फोटो फाइलमध्ये होता. वेळ चार वाजून दोन मिनिटं. ऑक्सिजन शहाण्णव, नाडी बावन्न.

"आणि एक वाजता?"

"चौऱ्याऐंशी. नाडी एकशे अठरा."

मास्तरांनी पिशवीतून लीलाच्या सिटी स्कॅनची फिल्म काढली. कोपऱ्यात वेळ छापलेली होती. चार वाजून चार मिनिटं.

"स्कॅन तळमजल्यावर होतं ना?"

"हो." इंद्रायणीनं दोन्ही वेळा ताडून पाहिल्या. "वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. मग फोटो काढला तेव्हा त्या वॉर्डात नव्हत्याच."

मास्तरांनी खाट मिळालेल्या बाईंचं नाव आणि गुण विचारले, फोटोची प्रत मागून घेतली.

रविवारी नेहमीप्रमाणे धोंडप्पा बायकोनं, रत्नम्मानं भरलेला डबा घेऊन आला.

"मास्तर, हाय का घरात? रत्नम्मानं शेंगाचटणी दिलीय, कडक भाकरी दिलीय. लई वाळलाय तुमी!"

मास्तरांनी कपाटातून करोनात आणलेलं, बोटावर ऑक्सिजन मोजायचं मशीन काढलं.

"बोट घाल."

"मला काय झालंय?"

"घाल की."

सत्त्याण्णव. नाडी चौपन्न.

"साठी झाली तरी पैलवानाची संथ नाडी," मास्तर म्हणाले.

"मग! तालमीचं शरीर हाय."

मास्तरांनी शेजारी फोटो ठेवला. धोंडप्पाचं हसू गेलं.

"चारला लीला खाली स्कॅनला होती. हे बोट तिचं नाही. धाप लागलेल्या माणसाची नाडी बावन्न नसते. वॉर्डातल्या आजाऱ्यांपैकी कुणाचीच नसणार. आत धडधाकट माणूस एकच होता, किट घातलेला. शेजारच्या खाटेवर रत्नम्मा होती. तिचे गुण आठ, लीलाचे नऊ. खाट एक. नुसता आकडा सांगून भागत नव्हतं, फोटो लागत होता. तू हातमोजा काढून स्वतःचं बोट घातलंस, धोंडप्पा."

धोंडप्पानं मशीनमधलं बोट ओढून काढलं.

"माझ्या डोळ्यांदेखत मरत हुती ओ ती. लीलावैनी तितं जाऊनबी वाचल्या असत्या, असं कुटं हाय?"

"ते मला माहीत नाही. तुलाही नव्हतं. बायकोसाठी केलंस, ते एखाद वेळेस समजून घेतलं असतं. पण मी उशीर केला, असं मला का सांगितलंस?"

धोंडप्पानं डबा पुढं सरकवला.

"दर रविवारी माझ्यासमोर बसून मला जेवताना बघत होतास."

"रत्नम्माला सांगू नका, मास्तर. तिला ठाऊक न्हाय."

मास्तर आत गेले. मागच्या रविवारचा डबा घासून ठेवलेला होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही लीलाची पद्धत. ती गेल्यावरही मास्तरांनी कधी मोडली नव्हती. मूठभर शेंगा, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच ते द्यायचे. रत्नम्मा घरी पोचताच झाकण उघडून बघायची.

आज त्यांनी रिकाम्या डब्याला तसंच झाकण लावलं. बाहेर येऊन आजचा भाकरीचा डबाही न उघडता त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही धोंडप्पाच्या हाती दिले.

"मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "ती विचारेल, तेव्हा तू सांग. आणि मूळ फोटो इंद्रायणीकडं, फाइलमध्ये आहे."